यादी क्रमांक सात (जुनी)

वचन देताना माणसाने निदान त्या वस्तूचं नाव आपल्याला ठाऊक आहे का, एवढं तरी बघून घ्यावं. बसवंतने बघितलं नाही. नांदेडच्या एका सरकारी कार्यालयात दहा वर्षं लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढणाऱ्या वरिष्ठ लिपिकाकडून अशी चूक व्हावी, हे त्याचं त्यालाच पुढे बरेच दिवस लागून राहिलं.

झालं असं, की लातूरहून नाझनीनभाभींचा फोन आला. भाभी म्हणजे जहांगीरची बायको, आणि जहांगीर म्हणजे बसवंतचा एके काळचा जिवलग दोस्त. त्याचं लातूरला क्लासवाल्यांच्या गल्लीत झेरॉक्सचं दुकान होतं. वरच्या फळीवरून कागदांचे गठ्ठे काढताना तो शिडीवरून पडला आणि पाय मोडून घेतला. सहा आठवड्यांचं प्लास्टर.

"पायाचं काई न्हाई भाईसाब, हाड जुळून राह्यलंय," भाभी म्हणाल्या. "पर यांचं तोंडच बंद झालंय. दिवसभर पंख्याकडं बघून राहतेत. तुमीच जरा बोला."

जहांगीर फोनवर आला. बसवंतने तब्येत विचारली, तो म्हणाला, "हाव." दुखतं का विचारलं, तो म्हणाला, "न्हाई." बसवंत आता ठेवतो म्हणणार, तेवढ्यात जहांगीर म्हणाला, "बसू, आपली यादी सात कुठं गेली आसंल रे?"

नेमका हा प्रश्न बसवंतला नको होता. का नको होता, ते पुढे येईलच. घाईघाईत तो बोलून बसला, "म्या आणतो ना! प्लास्टर निघायच्या आत आणतो. ती न्हाई भेटली तर तसलीच दुसरी आणतो."

"खरंच आणतूस?" जहांगीरने विचारलं. भाभी नंतर म्हणाल्या, की आठ दिवसांत जहांगीरने उशीवरून मान उचलली ती त्याच वेळी.

आता यादी सात म्हणजे काय, हे सांगायला हवं. भूकंपानंतर लातूरला एका पत्र्याच्या शेडमध्ये पडलेल्या आणि मिळणाऱ्या घरांच्या याद्या संगणकात भरायचं काम चालायचं. बसवंत आणि जहांगीर तिथे रोजंदारीवर ऑपरेटर होते. दिवसभर नावं. एकाच गावातली, एकाच आडनावाची नावं पानभर उतरायची, आणि मधेच एखाद्या नावापुढे 'मयत' लिहायचं. ते लिहून लिहून हात जड व्हायचा. पंचविशीतली पोरं ती, कुणापाशी बोलणार? अशात कुणा इंजिनिअरने यंत्राबरोबर सोडून दिलेली एक फ्लॉपी सापडली, आणि तिच्यात एक खेळ निघाला.

साधा खेळ होता. चौकोनांचं मैदान, मधे झाडं, पडक्या भिंती, दोघांचे सहा-सहा शिपाई. एकाने आपले शिपाई हलवायचे, मग दुसऱ्याने. जहांगीर त्याला 'बारी' म्हणायचा. तुझी बारी, मग माझी बारी. एकाची बारी चालू असताना दुसऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही, म्हणून त्याने तोंड भिंतीकडे करून बसायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. समोरच्याने फारच वेळ लावला तर तेवढी एकदा खाकरायची मुभा होती. हे नियम जहांगीरने केले होते आणि शेडमधल्या कुठल्याही शासकीय परिपत्रकापेक्षा ते काटेकोर पाळले जात.

खेळाचं खरं नाव दोघांनाही कधी कळलं नाही. साहेबांच्या नजरेस पडू नये म्हणून पहिल्याच दिवशी जहांगीरने फ्लॉपीवर सुवाच्य अक्षरात लेबल चिकटवलं होतं: 'लाभार्थी यादी क्र. ७ (जुनी)'. दुपारच्या सुट्टीत तो डबा झाकून म्हणायचा, "चल बसू, यादी सात तपासायची हाय." साहेबांना दोघांच्या कष्टाळूपणाचं फार कौतुक होतं.

बसवंतच्या सर्वांत शूर शिपायाचं नाव कोंडाबाई होतं. शेडमध्ये पाणी भरणाऱ्या कोंडाबाई साहेबांना सोडून कुणालाही भीत नसत, आणि साहेबांनाही फक्त पगाराच्या दिवशी भीत, म्हणून. जहांगीरची तऱ्हा निराळी होती. आपला एक शिपाई जखमी झाला की तो जिंकणं सोडून बाकीच्या पाचांना त्याला उचलायला पाठवायचा. बसवंत हसायचा. जहांगीर म्हणायचा, "हसू नको. दिवसभर मयत लिहितो ना आपण? हितं तरी कुणी मरायला नको."

मग एक दिवस यादी सात नाहीशी झाली. पुढे बसवंतला नांदेडची कायम नोकरी लागली, जहांगीरने दुकान टाकलं, आणि दोस्ती ईदेच्या आणि दिवाळीच्या फोनापुरती उरली. नांदेडहून लातूर काही फार लांब नाही. पण बसवंत जाणं टाळत राहिला.

तर असा हा शोध. शेजारचे किशनराव सेवानिवृत्त होते आणि सल्ला देण्याच्या बाबतीत अजून सेवेत होते. बसवंतने त्यांना विषय सांगितला ही दुसरी चूक. "बुद्धिबळ आण," ते म्हणाले. बुद्धिबळात झाडामागे लपता येत नाही, असं बसवंत म्हणाला. किशनरावांनी कुंडीतल्या तुळशीकडे बघून थोडा विचार केला. "मग भोकरला जा. आमचे भाचेजावई ईश्वरप्पा कम्प्युटरची संस्था चालवतेत. नाव सांग माझं."

रविवारी बसवंत भोकरला गेला. ईश्वरप्पांनी चहा पाजला, खुर्ची पुसून दिली, "लढाईचाच हाय" म्हणून एक खेळ लावून दिला आणि म्हणाले, "हाणा." बसवंतने चष्मा सारखा केला, मैदान नीट न्याहाळावं म्हणून पुढे वाकला, आणि तेवढ्यात कुणीतरी मागून येऊन त्याला गोळी घातली. पडदा लाल झाला. पुन्हा लावला, पुन्हा लाल. पाचव्यांदा मेल्यावर त्याने हात बाजूला घेतले.

"माझी बारी कधी येती?"

"बारी कशाची? सगळे एकदाच मारतेत. फास्ट गेम हाय हा."

"पण मला विचारायला तर पाहिजे!"

ईश्वरप्पांना हे गाऱ्हाणं कळलं नाही. आपल्याला न विचारता पाच वेळा मारण्यात आलं, ही गोष्ट बसवंतला परतीच्या एसटीत उमरीच्या फाट्यावर चढलेल्या एका अनोळखी प्रवाशाला सांगावीशी वाटली. तो प्रवासी अर्धापूरचा केळीवाला निघाला. त्याने पूर्ण सहानुभूती दाखवली आणि उतरताना केळ्यांची एक फणी हातात दिली. सिंधु, म्हणजे बसवंतची बायको, दार उघडून म्हणाली, "अहो, गेम आणायला गेले व्हते ना तुमी?"

नेट कॅफेवाला यासेर मात्र कामाचा माणूस. विशीचा, शांत. त्याने विचारलं, "अंकल, गेमचं नाव?"

"यादी सात."

यासेरने ते टाइप केलं. पडद्यावर मतदार यादी आली, बदल्यांची यादी आली, आणि वधू-वरांची एक यादी आली. मग बसवंतने खुर्ची वळवून, भिंतीकडे तोंड करून, सगळं करून दाखवलं. कॅफेतली माणसं आपापली कामं सोडून बघत होती. यासेरने ते पूर्ण होऊ दिलं आणि एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं: 'टर्न बेस्ड टॅक्टिकल स्ट्रॅटेजी.' "बारीबारीनं खेळायच्या लढाईच्या गेमला हे म्हणतेत. असले लई हायेत जगात. पर नेटवरून उतरवायला बसलो तर तुमच्या दोस्ताचं प्लास्टर निघून जाईल. लातूरला सीडी भेटेल बघा. डोक्याचं सगळं तिकडंच भेटतं."

मधल्या काळात बसवंतने दुसऱ्या बाजूनेही मोर्चा लावला होता. जुन्या याद्या ज्या अभिलेख कक्षात गेल्या होत्या, तिथे त्याने रीतसर अर्ज केला: 'लाभार्थी यादी क्र. ७ (जुनी) ची फ्लॉपी पाहावयास मिळावी.' उत्तर आलं, आणि ते इतक्या लवकर आलं की तो जरा घाबरलाच. 'आपण सदर यादीतील लाभार्थी आहात किंवा कसे, याचा खुलासा करावा. असल्यास घर पडल्याचा पंचनामा सोबत जोडावा. नसल्यास सदर यादीशी आपला नेमका संबंध काय, हे सात दिवसांत कळवावे.' बसवंत स्वतः अशीच पत्रं लिहितो. तरी हे वाचून त्याला लोकांच्या मनाची पहिल्यांदा कल्पना आली. 'सदर यादीत माझे सहा शिपाई आहेत' असं एक वाक्य त्याने कच्च्या कागदावर लिहिलं, वाचलं आणि कागद फाडून टाकला.

प्लास्टर निघायला चार दिवस उरले तेव्हा त्याने रजा टाकली, अर्धापुरी केळ्यांची एक मोठी पिशवी घेतली आणि लोहा, अहमदपूर करत लातूर गाठलं.

आधी अभिलेख कक्ष. तिथे बसलिंगप्पा नावाचे गृहस्थ चहा पीत होते. कप फ्लॉपीवर ठेवलेला होता. बसवंतने तो अदबीने उचलून खालचं लेबल वाचलं. यादी चार. शेजारच्या पेल्याखाली यादी अकरा होती.

"सात कुठं हाय?"

"साताला उधई लागली."

"अहो, उधई कागदाला लागती, फ्लॉपीला न्हाई."

"हितली लागती," बसलिंगप्पा शांतपणे म्हणाले आणि कप परत फ्लॉपीवर ठेवला.

बाहेर आल्यावर बसवंतला लातूर ओळखू येईना. जिथे शेड होतं, तिथे चार मजले उभे होते आणि चारही मजल्यांवर क्लास. जिकडे बघावं तिकडे टक्केवारीसकट पोरांचे फोटो. पाठीवर दप्तर घेतलेली शेकडो मुलं-मुली खाली मान घालून भराभर चाललेली. ज्या गावात माणसं कधीकाळी छपराखाली झोपायला भीत होती, तिथे आता एक खोली रिकामी मिळत नव्हती. बसवंतला ते बघून बरंही वाटलं आणि उगाच गलबलूनही आलं.

समोर एका मोठ्या पाटीवर त्याला चक्क आपल्या चिठ्ठीतले शब्द दिसले. 'ध्येयशिखर क्लासेस. टर्निंग पॉइंट बॅच. टॅक्टिक्स! स्ट्रॅटेजी! यश!' यासेरचं म्हणणं शब्दशः खरं ठरलेलं बघून तो आत शिरला.

टेबलामागे वर्षाराणी मॅडम होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली. "हो सर, टर्न, टॅक्टिक, स्ट्रॅटेजी, तिन्ही आहेत आपल्याकडे. सीडीसुद्धा आहे. रिपीटर आहे का?"

पुन्हा परीक्षेला बसणारा मुलगा आहे का, असं त्या विचारत होत्या; आधी खेळलेला आहे का, असा बसवंतने अर्थ लावला. "हो हो. दहा वर्षांपूर्वी रोज बसायचो आम्ही."

"दहा वर्षं रिपीटर?" मॅडमचा आवाज हळवा झाला. "आणि अजून सोडलं नाही?"

"मनातून जातच न्हाई."

"कौतुक आहे हं. आणि कोण आहे सोबत?"

"माझा दोस्त. त्याचा पाय मोडलाय, तो पडून हाय. त्याच्यासाठीच करून राह्यलोय हे सगळं."

मॅडमना भरून आलं. त्यांनी एक फॉर्म पुढे केला. सरकारी नोकरीत माणूस पुढे आलेला फॉर्म भरतो, कारण विचारत नाही. फोटो काढला, ओळखपत्र तयार झालं, पांढऱ्या दोरीने गळ्यात पडलं. "सीडी देतेच. पण आधी डेमोला बसा. स्ट्रॅटेजी कशी वापरायची ते सर स्वतः दाखवतात." खेळ विकायच्या आधी खेळून दाखवतात, ही पद्धत बसवंतला फार आवडली.

दोनशे पोरांमध्ये केळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन तो तिसऱ्या बाकावर बसला. सर आले आणि फळ्यावर एक गोळा उतारावरून सोडला. बसवंत वाट बघत राहिला की शिपाई कधी येतात. तेवढ्यात सरांचं बोट त्याच्यावर आलं. "तुम्ही. आता पुढची चाल काय?"

चाल हा शब्द ऐकून बसवंतला जोर आला. तो उभा राहिला. "आधी या गोळ्यामागं कोण लपलंय ते बघावं. आन बारी कुणाची हाय?"

वर्ग इतका हसला की बाहेरून मॅडम धावत आल्या. "सर, ते रिपीटर आहेत," त्या कळवळून म्हणाल्या. "दहा वर्षांचे." मग मात्र कुणी हसेना. सगळे वळून वळून त्याच्याकडे बघायला लागले, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. शेजारच्या मुलीने आपली वही गुपचूप त्याच्या पुढ्यात सरकवली.

सीडी घेऊन तो निघाला तेव्हाही तिच्यात खेळच आहे, अशी त्याची श्रद्धा होती. माणूस थकला की श्रद्धाच उरते.

जहांगीर दुकानामागच्या खोलीत पलंगावर होता. केस बरेच पांढरे झालेले. बसवंतच्या गळ्यातलं ओळखपत्र त्याने वाचलं, 'टर्निंग पॉइंट बॅच, रोल नंबर दोनशे एक'. पण नजर सीडीवर होती. भाभींनी दुकानातला संगणक आत आणून लावला. जहांगीरने उशा लावून घेतल्या, बोटं मोडली, आणि सवयीने म्हणाला, "तू भिंतीकडं बघ. पहिली बारी माझी."

बसवंत भिंतीकडे तोंड करून बसला. दहा वर्षांनी. मागून आवाज आला, "विद्यार्थी मित्रांनो, भौतिकशास्त्राची भीती सोडा."

बराच वेळ सरच बोलत होते. मग पलंग हलायला लागला. बसवंतने घाबरून मागे बघितलं, तर जहांगीर हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, प्लास्टरवर थापा मारत. भाभी दारातून बघत होत्या आणि त्याही पदराने डोळे पुसत होत्या. बसवंतने भोकरच्या पाच मरणांपासून दोनशे एक नंबरापर्यंत सगळं सांगितलं आणि जहांगीर "बस कर, पाय दुखायलाय" म्हणत पुन्हा हसला.

हसू ओसरलं. भाभी चहा टाकायला गेल्या. बसवंत गळ्यातली दोरी बोटाला गुंडाळत बसला होता. आता नाही सांगितलं तर पुन्हा कधीच सांगणं होणार नाही, हे त्याला कळत होतं.

"जहांगीर, यादी सात म्याच पाठवली."

जहांगीरने संगणकातली सीडी बाहेर काढली.

"साहेबांनी सगळ्या जुन्या याद्या मागितल्या व्हत्या. तू जेवायला गेलता. म्या तीबी गठ्ठ्यात टाकली. चुकून न्हाई. डाव अर्धाच व्हता, कोंडाबाई घेरली गेली व्हती. पाचच जण उरले व्हते माझे, आन तुझी बारी आली की ती मरणार व्हती. मला बघवंना गेलं. हरायचंबी जीवावर आलं व्हतं. दोन्ही." त्याने बोटाची दोरी सोडली. "म्हणून यायला तोंड नव्हतं मला हिकडं."

"ठाऊक हाय," जहांगीर म्हणाला.

"काय ठाऊक हाय?"

"त्या महिन्यात जावक रजिस्टर कुणाकडं व्हतं? माझ्याकडं. 'यादी क्रमांक सात, फ्लॉपी एक.' खाली तुझी सही. तारीखबी चुकवलीस."

"दहा वर्षं झाली! मग बोलला कामून न्हाईस?"

"बारी तुझी व्हती."

बसवंत आठवून म्हणाला, "पण फोनवर तर इचारलंस, यादी सात कुठं गेली म्हणून."

"ते बोलणं न्हाई," जहांगीर म्हणाला. "लई येळ लावलास. म्हणून खाकरलो."

बसवंतने मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी ओळखपत्रावर पडलं आणि फोटोतला त्याचा चेहरा ओला झाला. जहांगीरने हात लांबवून शेजारच्या गठ्ठ्यातून एक कागद ओढला. क्लासवाल्यांच्या परीक्षेची कोरी उत्तरपत्रिका होती ती, ओळीने गोल गोल छापलेली. त्याने पेनने त्यावर भिंती ओढल्या, झाडं काढली. एकही जागा चुकला नाही. आपले शिपाई मांडले, बसवंतचे मांडले.

"ही कोंडाबाई," तो म्हणाला. "येड्या, म्या तिला मारणार नव्हतो. वाट ठेवली व्हती तिला. डावीकडून. बघितलंच न्हाईस तू."

बसवंतने चष्मा पुसून बघितलं. भिंत आणि झाड यांच्यामध्ये एक गोल रिकामा होता. दहा वर्षं तो तिथेच होता. त्याने पेन घेतलं, कोंडाबाईला डावीकडे काढलं, कागद जहांगीरच्या पुढ्यात सरकवला, आणि खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसला.

नाझनीनभाभी चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "हे काय भाईसाब? भिंतीकडं तोंड करून बसलात? भांडलात की काय?"

बसवंतने ओठांवर बोट ठेवलं. त्याची बारी नव्हती.